आमच्या विहिरीच्या पाण्याचं काय झालं? – महाविद्यालयं, 'दत्तक' गावं आणि मोजमाप

नदीकाठ (धागाकर्ती)

मी तालुक्याच्या ठिकाणी एका पदवी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आठ वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी होते, सध्या आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम माझ्याकडे आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फेरी जवळ आली म्हणून गेल्या महिन्यात शेजारच्या एका गावाशी सामंजस्य करार करायचं ठरलं. दोन प्रती टाइप केल्या, प्राचार्यांचा सही-शिक्का घेतला आणि एका सहकाऱ्याबरोबर ग्रामपंचायतीत गेले.

ग्रामसेवकांनी लोखंडी कपाटातून एक फाइल काढली. त्यात आधीचे तीन करार होते. एक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, एक फार्मसीचा आणि तिसरा आमचाच, चार वर्षांपूर्वीचा. आमच्याकडे कुणालाही तो आठवत नव्हता. त्यांच्याकडे तो पंच करून, अनुक्रमांक घालून लावलेला होता.

चहा येईपर्यंत आम्ही बसलो होतो. दाराशी उभ्या असलेल्या आशाताई आत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मागं तुमची पोरं आली होती. आमच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून नेलं. त्याचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर विभागाच्या कपाटात शोधलं. बांधणी केलेला प्रकल्प अहवाल सापडला. ११ विहिरींचे नमुने, पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, सगळं व्यवस्थित. त्यातल्या दोन नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर होतं. ४५ ही पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा. एक विहीर शाळेच्या मागची. मुलांना त्या प्रकल्पाला ५० पैकी ४६ गुण मिळालेले.

नॅकच्या कागदपत्रांत तो उपक्रम 'पाणी तपासणी' म्हणून नोंदवलेला आहे. तारीख, हजेरी, विहिरीच्या कठड्याशी बाटल्या घेऊन उभी असलेली चार मुलं, फोटोवर अक्षांश-रेखांश. लाभार्थी संख्येच्या रकान्यात गावाची लोकसंख्या. गावाला कळवलं का, असा रकानाच नव्हता, म्हणून कुणी कळवलं नाही. मीही त्या वर्षी कार्यक्रम अधिकारी होते. तो दोष माझाही आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. शिक्षणसंस्था आणि आजूबाजूचा समाज यांचं नातं किती चांगलं आहे, हे संस्थेच्या फायलीतून कळूच शकत नाही. ते गावाला विचारूनच कळेल, आणि गाव 'नाही' म्हणालं तर ते लिहून ठेवायची तयारी हवी. पण हे विचारायचं कसं, मोजायचं कसं? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय, किंवा ज्यांच्या गावात असं काम झालंय, त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

जुना_मास्तर

ताई, मनापासून लिहिलंत. पण पहिल्यांदा एक सांगतो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिरांना एकदम मोडीत काढू नका.

रासेयो २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी होते. कल्पना साधी होती. शिकलेला मुलगा गावात जाईल, हातानं काम करेल, आणि गाव त्याला काहीतरी शिकवेल. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असा सांगाडा आहे. मी २२ वर्षं शिबिरं घेतली. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजीवर झोपलेली, पहाटे प्रभातफेरी काढणारी, दुपारी ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यातली काही आज तलाठी आहेत, शिक्षक आहेत. भेटली की त्या सात दिवसांचंच बोलतात.

चूक कुठे होते सांगू? दर वर्षी गाव बदललं की. नवं गाव, नवा फोटो, नवी बातमी. मी पहिली सहा वर्षं तेच केलं. मग एका सरपंचांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, बंधारा घातलात, पण पुढच्या पावसाळ्याआधी पोती उसवली तर कोण बघणार?" त्यानंतर मी एकाच गावात सलग पाच वर्षं शिबिर घेतलं. तिसऱ्या वर्षी गावानं आमच्या आधीच पोती गोळा करून ठेवली होती. जेवणाचं सामान घराघरांतून आलं. माझ्या लेखी तेच प्रमाणपत्र.

आणि अशा गावाला 'दत्तक' म्हणणं बंद करा. दत्तक लेकरू घेतात. गाव आपल्यापेक्षा वयानं मोठं असतं.

---

ज्वारीचा_हुरडा

जुना_मास्तर, जेवणाच्या सामानाबद्दल लिहिलंत म्हणून लिहायला घेतलं, कारण माझ्या डोळ्यांपुढे लगेच ज्वारीची पोती आली.

मी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची विद्यार्थिनी. डॉ. सुशीला नायर यांनी ते महाविद्यालय १९६९ मध्येच सुरू केलं. तिथे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी प्रत्येक तुकडीला एक गाव ठरवून दिलं जातं. आधी त्या गावात १५ दिवसांचं शिबिर. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही कुटुंबं येतात, आणि पुढची काही वर्षं महिन्यातून एकदा त्याच कुटुंबांकडे जायचं. अठरा-एकोणीस वर्षांची मी, शरीररचनाशास्त्राची पुस्तकं सोडून एका घरात रक्तदाब मोजायला गेले, तर आजीनं आधी माझं वजन, माझं जेवण, माझी आई याबद्दल विचारलं. दुसऱ्या वर्षी तिची सून बाळंत झाली तेव्हा घरच्यांनी मला निरोप धाडला. डॉक्टर म्हणून नव्हे, मी तेव्हा डॉक्टर नव्हतेच. घरची म्हणून.

आता ज्वारी. तिथल्या डॉ. उल्हास जाजू यांनी आजूबाजूच्या गावांत आरोग्यविम्याची एक पद्धत उभी केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घरानं आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त, भूमिहीनाचा कमी. त्या बदल्यात गावात आरोग्यसेवा आणि कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार. अट अशी की गावातल्या तीन-चतुर्थांश घरांनी सहभाग घेतला तरच ते गाव योजनेत येणार.

नदीकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या अटीत दिसतं. समाधानी आहात का, असं विचारलं तर लोक पाहुण्याला 'हो' म्हणतात, आपल्याकडची रीतच ती. पण खळ्यावरची ज्वारी मापून द्यायची वेळ आली की माणूस विचार करतो. घरानं ज्वारी दिली नाही, तर सेवा कुठे कमी पडली हे रुग्णालयाला त्याच वर्षी कळतं. त्यासाठी वेगळा फॉर्म लागत नाही.

आणि ते नायट्रेटचं आजच्या आज कळवा. पाणी उकळलं तरी नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. त्या विहिरीचं पाणी वापरून बाळांना वरचं दूध देत असतील तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना धोका असतो. रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, बाळ निळं पडतं. गावातल्या बायका पाणी उकळून देत असतील आणि आपण काळजी घेतोय असं समजत असतील. कृपया थांबू नका.

---

नदीकाठ

ज्वारीचा_हुरडा, तुमचा प्रतिसाद वाचल्या वाचल्या आशाताईंना फोन केला. दोन्ही विहिरी कोणत्या ते सांगितलं, उकळण्याबद्दलही सांगितलं. उद्या सकाळी अहवालाची प्रत घेऊन जाते आहे. बाकी नंतर लिहिते.

---

आकडेमोड

मी दोन महाविद्यालयांच्या नॅक तयारीत होतो, म्हणून मोजमापाच्या बाजूनं लिहितो.

नॅकच्या चौकटीत तिसरा निकष संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्य असा आहे. त्यात विस्तारकार्याबद्दल, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाबद्दल, जे मागितलं जातं ते मुख्यतः असं: पाच वर्षांत किती उपक्रम, किती विद्यार्थी सहभागी, किती पुरस्कार. सगळी मोजणी संस्थेकडून निघते. ही माहिती पडताळली जाते, नाही असं नाही. पण ती पडताळतात कागदाशी. बातमीचं कात्रण, फोटो, हजेरीपत्रक. गावातल्या माणसाला फोन करून कुणी विचारत नाही. समिती भेटीला येते तेव्हा पालक, माजी विद्यार्थी यांच्याशी बोलते. ज्या गावाचं नाव अहवालात पंधरा वेळा आलंय, त्या गावातलं कुणी त्या खोलीत असेलच असं नाही.

एनआयआरएफचं, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांच्या क्रमवारीचं, तर आणखी वेगळं. २०१६ पासून क्रमवारी लागते. त्यात 'आउटरीच अँड इन्क्लुझिव्हिटी' म्हणून १० टक्के भार आहे. नाव ऐकून मलाही आधी वाटलं की यात समाजाशी असलेलं नातं येत असेल. प्रत्यक्षात त्यात परराज्यांतले आणि परदेशी विद्यार्थी किती, मुली आणि स्त्री-प्राध्यापक किती, आर्थिक-सामाजिक दृष्ट्या मागास विद्यार्थी किती, अपंगांसाठी सोयी काय, हे मोजलं जातं. हे सगळं महत्त्वाचं आहे, मोजायलाच हवं. पण कुंपणापलीकडच्या वस्तीचं त्यात काही येत नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या रचनेत सामाजिक सहभागाच्या उपक्रमाला २ श्रेयांक आले आहेत. हेतू फार चांगला. पण हिशेब करा. एका तालुक्यातली तीन-चार महाविद्यालयं, प्रत्येकी काही शे मुलं, सगळ्यांना त्याच सत्रात गावात जायचंय, आणि सगळ्यांना एसटीच्या रस्त्यावरचंच गाव हवंय. तुमच्या ग्रामसेवकांच्या फायलीत तीन करार होते ते उगाच नव्हेत. गावावर किती ओझं पडतं, हे बघणारी जागा आज कुठेच नाही. मला वाटतं ती जिल्हा पातळीवर हवी.

---

पाड्यावरची

मी पालघर जिल्ह्यातली. पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. आमच्याकडे मुंबई-नाशिकची खूप कॉलेजं येतात. ही बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहिते.

मुलं येतात ते आम्हाला आवडतं. खरंच आवडतं. शहरातली पोरगी चुलीपुढे बसून भाकरी थापायला शिकते तेव्हा आमच्या पोरींनाही धीर येतो की आपल्यालाही त्यांचं येईल. पण काही गोष्टी मनात राहतात.

सर्व्हे जून-जुलैत येतो. तेव्हा लावणी असते. चिखलात उभ्या बाईला बांधावर बोलावून पंचेचाळीस प्रश्न विचारतात. घरात संडास आहे का, वापरता का, नवरा दारू पितो का. एका वर्षात तीन कॉलेजांनी हेच विचारलं. एका म्हातारीनं तिसऱ्या वेळी सांगितलं, "मागच्यांना सांगितलंय, त्यांना विचारा." बरोबर होतं तिचं. मागच्यांनी लिहून नेलं ते गेलं कुठे?

दुसरं, उत्तर देण्यात बाईचा अर्धा दिवस जातो. मजुरी बुडते. विद्यार्थ्याला मार्क मिळतात, सरांना पेपर मिळतो. बाईला काय?

मी सदस्य असताना आम्ही एक वही केली. साधी दोनशे पानी. कोण आलं, कुठल्या कॉलेजचं, काय विचारायला, कुणाच्या घरी गेले, काय देणार म्हणाले, कधी देणार. खाली त्यांच्या सरांची सही. पुढच्या वेळी आले की आधीचं पान उघडायचं. पहिल्या वर्षी दोन कॉलेजं परत आलीच नाहीत. एक मात्र आलं. त्यांच्या मॅडमनी ग्रामसभेत उभं राहून मराठीत, सोप्या शब्दांत सांगितलं, तुमच्या पाड्यातल्या मुलांची वजनं अशी आहेत, अंगणवाडीत हे कमी पडतंय. त्या कागदावर आम्ही बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे गेलो. अंगणवाडीसाठी दुसरी मदतनीस मिळाली. ते कॉलेज अजून येतं.

तुम्ही मोजायचं म्हणता ना? ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना बहुतेक ठिकाणी असतेच. त्यातली एक धरा. उभं राहून सांगा काय केलं. लोक बोलतील.

---

टँकरमार्ग

पाड्यावरची, तुमची वही आमच्या विभागात असती तर बरं झालं असतं.

मी आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या केंद्रातून एम. टेक. केलं. सेंटर फॉर टेक्नॉलॉजी अल्टरनेटिव्ह्ज फॉर रूरल एरियाज, १९८५ पासून आहे. तिथे काही आठवडे गावात मुक्काम हा अभ्यासक्रमाचाच भाग. मोखाडा, शहापूर, कर्जत या भागांतल्या पिण्याच्या पाण्यावर तिथे बरंच काम झालं. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा शहापूर तालुक्यात, वैतरणेची धरणं तिथूनच जवळ, आणि एप्रिल-मे मध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणाऱ्या हंड्यांच्या रांगा. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि रांगेत तिसऱ्या हंड्याजवळ उभं राहणं वेगळं.

आमचे मार्गदर्शक एक गोष्ट घोटून घ्यायचे. प्रश्न तुमच्या विषयातला नको, गावाचा हवा. आणि उत्तर ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्या टेबलावर पोचलं पाहिजे. म्हणजे ग्रामपंचायत, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचा उपअभियंता. मी नळयोजनेच्या पाइपचा व्यास काढला, उंचसखल मोजलं, टाकी कुठे असावी ते दाखवलं. पण परीक्षकांपुढे सादर करण्याआधी ते शाखा अभियंत्यापुढे ठेवावं लागलं, आणि त्यांनी दहा मिनिटांत माझ्या दोन चुका दाखवल्या. तेवढं मी वर्षभरात वर्गात शिकलो नव्हतो.

पुढे राज्य सरकारनं जानेवारी २०१६ मध्ये 'उन्नत महाराष्ट्र अभियान' आणलं. त्याच्या आधी केंद्राचं 'उन्नत भारत' नोव्हेंबर २०१४ चं, ज्यात प्रत्येक संस्थेनं निदान पाच गावं घ्यायची. मला राज्याच्या योजनेतली एक कल्पना जास्त पटते. महाविद्यालयानं जिल्हा प्रशासनाला अभ्यास करून द्यावा आणि त्याचं शुल्क घ्यावं. शुल्क आलं की मुदत येते, दर्जा येतो, आणि 'ते आमचं काम नाही' म्हणायची सोय राहत नाही.

नदीकाठ, नमुने पुन्हा तपासून घ्या. जुना आकडा जुनाच असतो. नायट्रेट पावसाळ्याआधी आणि नंतर बदलतं. तुमची प्रयोगशाळा असली तरी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून एक तपासणी करवा, म्हणजे ग्रामपंचायतीला पुढे कागद चालवता येईल. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं असतं. ते तुमच्या गावात झालंय का बघा. तुमच्या विभागाचं खरं काम तिथे आहे. मुलांनी बाटल्या भरून नेण्यापेक्षा त्या पाच बायका स्वतः दर हंगामात तपासू लागल्या तर पुढे तुम्ही नसलात तरी चालेल.

---

मक्याचं_शेत

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात एका सरकारी विद्यापीठात काम करते. मूळची परभणीची, वडील कृषी विद्यापीठात होते.

इथल्या कृषी विद्यापीठांची घडण १८६२ च्या मॉरिल कायद्यातून झाली आणि १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं विस्तारसेवा सुरू झाली. आपली राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) ही विद्यापीठं बरीचशी याच नमुन्यावर उभी आहेत. 'विस्तार' हा शब्दही तिथूनच आला. पण येताना एक गोष्ट मागे राहिली असं मला नेहमी वाटतं. इथे प्रत्येक काउंटीत, म्हणजे साधारण जिल्ह्यात, विद्यापीठाचं विस्तार कार्यालय असतं, आणि त्याच्या खर्चात केंद्र, राज्य आणि काउंटी तिघांचा वाटा असतो. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी स्थानिक मंडळ विचारतं, या माणसानं आमच्यासाठी काय केलं? समाधान झालं नाही तर निधी कापतात. ज्वारीचा_हुरडा यांच्या पोत्यांची आठवण झाली, तत्त्व तेच आहे.

मूल्यमापनाबद्दल. इथे विद्यापीठांच्या कार्नेगी वर्गीकरणात २००६ पासून समाजसहभागाचं स्वतंत्र वर्गीकरण आहे. ऐच्छिक आहे, विद्यापीठानं स्वतः अर्ज करायचा. मी एका अर्जाच्या कामात होते. त्यात विचारतात की समाजाचं तुमच्याबद्दल काय मत आहे हे तुम्ही कोणत्या पद्धतीनं गोळा करता, आणि त्या मतामुळे तुम्ही नेमकं काय बदललं. तसंच, अशा कामाला प्राध्यापकांच्या बढतीच्या नियमांत जागा आहे का. हा दुसरा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात अवघड गेला. काम करणाऱ्या तरुण प्राध्यापिकेची चार वर्षं वस्तीत जातात, आणि बढतीच्या वेळी मोजले जातात शोधनिबंध.

इथंही सगळं छान आहे असं नाही. बरीच विद्यापीठं अर्जासाठी जुने उपक्रम गोळा करून चांगली गोष्ट लिहितात. विद्यापीठ शेजारच्या गरीब वस्तीत गुंतवणूक करतं, शाळा सुधारते, मग घरभाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी केलं ते लोक लांब जातात. म्हणून 'किती खर्च केला' इतक्यावर थांबता येत नाही. दहा वर्षांनी तिथे कोण राहतंय, हे बघावं लागतं.

---

गोवंडी_लोकल

सगळी चर्चा गावाची चालली आहे म्हणून शहराबद्दल थोडं. मुंबईच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, टाटा समाजविज्ञान संस्थेनं २०११ मध्ये आपल्या अमृतमहोत्सवी वर्षात एम वॉर्ड प्रकल्प हाती घेतला. संस्थेचं आवार देवनारलाच आहे, कचराभूमीही त्याच विभागात. मानवविकासाच्या क्रमवारीत मुंबईत हा विभाग तळाशी होता. आपल्या फाटकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरचं काम निवडणं, हीच मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. आमच्या वस्तीतली काही मुलं तेव्हा सर्वेक्षणात सहभागी झाली. नकाशा काढताना आपल्याच गल्लीत नळजोडण्या किती, हे त्यांना पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

लांबच्या आदिवासी पाड्यावर बस करून जाणाऱ्या महाविद्यालयांना एक विनंती. तुमच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणारी बाई कुठे राहते, तिथून सुरुवात करता येईल.

---

मोहफूल

गडचिरोलीतून लिहितोय. मेंढा (लेखा) गावाचं नाव सगळ्यांना माहीत आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या आधीची कित्येक वर्षं तिथे 'अभ्यास गट' चालत होते. हा भाग मात्र कमी लोकांना माहीत असतो. गावातले लोक, बाहेरचा एखादा जाणकार, एक विषय, बसून चर्चा. निर्णय त्या गटात होत नसे, निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. गावचे देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी हा फरक फार जपला.

इथल्या चर्चेत आत्तापर्यंत विद्यापीठ अभ्यास करतं आणि गाव माहिती देतं, असंच चित्र आहे. मेंढ्यात गावच अभ्यास करत होतं आणि शिकलेला माणूस त्याचा सोबती होता. आमच्याकडे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झालं. आता ग्रामसभांना हिशेब, वनव्यवस्थापन, बांबूचा व्यवहार हे शिकायचंय, आणि विद्यापीठानं त्यासाठी गावात यायला सुरुवात केली आहे. यातून काय उभं राहतं ते बघायला वेळ द्यावा लागेल. पण मूल्यमापन करताना एक प्रश्न नक्की घाला: यातला प्रश्न कुणी विचारला होता?

---

जुना_मास्तर

मोहफूल, तुमचा शेवटचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

आकडेमोड, जिल्हा पातळीवर नोंद हवी हे पटलं. पण ती पोर्टलवर गेली की पुन्हा भरणारे आपणच. पाड्यावरचीची वही ग्रामपंचायतीत राहते, तिथला माणूस भरतो. मला तीच मूळ नोंद हवी असं वाटतं. संस्थेनं आपल्या अहवालाला त्या वहीच्या पानाची प्रत जोडावी. फोटोच्या ऐवजी.

---

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अहवालाची प्रत सरपंच आणि आशाताईंना दिली. शाळेमागच्या विहिरीवर त्याच दुपारी 'पिण्यासाठी नाही' असं रंगवलं. गावात चार महिन्यांचं एक बाळ वरच्या दुधावर होतं, आईला कामावर जावं लागतं म्हणून. त्यांच्या घरी पाणी नळाचं होतं, विहिरीचं नव्हतं. हे ऐकेपर्यंत मला घास गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. मी आणि तिसऱ्या वर्षातली पाच मुलं गेलो. ज्यांनी तो प्रकल्प केला होता त्यांच्यापैकी एक जण आता पुण्याला औषध कंपनीत आहे. फोन केल्यावर तोही आला. आम्ही ११ विहिरींचा तक्ता मोठ्या अक्षरांत कागदावर काढून भिंतीला लावला आणि प्रत्येक विहिरीला गावातलं नाव दिलं: शाळामागली, मारुतीपुढली, गायरानातली. मी बोलायला सुरुवात केली आणि मुद्दाम आधी सांगितलं की हे आम्ही तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एक आजी उठून तक्त्यापाशी आल्या. त्यांना वाचता येत नाही. मुलीला एकेक नाव मोठ्यानं वाचायला लावलं, बोटांवर मोजत गेल्या आणि म्हणाल्या, "यात आमच्या वस्तीची विहीर न्हाई."

खरंच नव्हती. गावात विहिरी १३ आहेत. ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या दोन विहिरींपर्यंत आमची मुलं गेलीच नव्हती, कारण तिकडे गाडी जात नाही. त्या वस्तीला नळही नाही. तिथली सगळी घरं त्या दोन विहिरींवरच आहेत. आमच्या अहवालात लाभार्थी म्हणून मात्र ती माणसं मोजलेली होती.

शनिवारी सकाळी सातला तिकडे जायचं ठरलं. आजी वाट दाखवणार आहेत. नमुने आम्ही घेणार, त्याच बाटल्यांचा दुसरा संच जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीच्या नावानं जाणार. तपासणी संचाचं प्रशिक्षण कागदावर झालेलं आहे, पण संच पेटीतच आहे, म्हणून आशाताई आणि आणखी चौघी महिन्याभरात आमच्या प्रयोगशाळेत येणार आहेत. मजुरी बुडू नये म्हणून त्या दिवसाचे पैसे महाविद्यालयानं द्यावेत, असा अर्ज मी प्राचार्यांकडे दिला आहे. अजून उत्तर नाही.

करार मी परत आणला. त्यात आता एक कलम घालते आहे: प्रत्येक तपासणीचा निकाल ३० दिवसांत ग्रामपंचायतीला लेखी आणि पुढच्या ग्रामसभेत तोंडी.

निघताना आशाताईंनी दुकानातून आणलेली नवी दोनशे पानी वही काढली. पाड्यावरची, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता. पहिल्या पानावर त्यांनी तारीख घातली, महाविद्यालयाचं नाव, '१३ विहिरी, पाणी तपासणी, निकाल कधी?' असं लिहिलं, आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी तारीख लिहून सही केली.

शनिवारी काय निघालं ते लिहिते.